पास गौरीचा, खोली सगळ्यांची

नौपाडा, ठाणे

प्रिय शैला,

काल तू म्हणालीस की तुझी गौरी ऑगस्टमध्ये तुम्हाला अमेरिकेत ऑरलँडोला डिस्नेचे पार्क बघायला नेणार आहे आणि हायवेवरचं एखादं स्वस्त हॉटेल बघतेय. ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. यांच्या औषधाची वेळ झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून बसून सविस्तर लिहितेय.

पहिल्या वेळी आम्हीही तसंच केलं होतं. आमच्या निखिलने पार्कबाहेर एक हॉटेल घेतलं. काउंटरवर गेल्यावर कळलं की दर रात्रीला वर ‘रिसॉर्ट फी’ आहे, शिवाय गाडी लावायचे वेगळे पैसे. पण पैशांपेक्षा जास्त त्रास झाला तो पळापळीचा. तिकीट दोनच दिवसांचं, म्हणून सकाळी आठपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार कलली की आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो, विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड बंद. आम्ही एका दुकानाच्या वळचणीला दीड तास उभे. ह्यांच्या पायांना इतकी सूज आली की बूट निघेना. तो बूट मी खाली बसून ओढून काढला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. भावजींचे गुडघे तर तुला माहीतच आहेत.

दुसऱ्या वेळी निखिलकडे डिस्नेचा वार्षिक पास होता, आणि सगळं चित्रच बदललं.

गौरी टँपाला राहते, म्हणजे ती फ्लोरिडाची रहिवासी. ‘पिक्सी डस्ट’ आणि ‘पायरेट’ हे स्वस्तातले पास फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतात, राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवून. आपल्यासारख्या पाहुण्यांना ‘इन्क्रेडी-पास’ घ्यावा लागतो, आणि तो चांगलाच महाग आहे. तुम्ही दोघांनी त्याच्या वाटेला जाऊ नका, साधी तिकिटं घ्या. पास एकट्या गौरीने घ्यायचा. ‘पिक्सी डस्ट’वर शनिवार-रविवार आणि सणासुदीचे दिवस बंद असतात. तिला रजा घेऊन सोमवार ते गुरुवार जमणार असेल तर तो पुरतो.

आता हॉटेलचं. पासवाल्यांसाठी डिस्ने आपल्या हॉटेलांत सवलतीचे दर काढते, आणि खोलीत पासवाली एकच व्यक्ती असली तरी चालतं. सवलत खोलीवर आहे, माणशी नाही! फक्त गौरी स्वतः त्या खोलीत राहायला हवी आणि तिथे पोहोचल्यावर पास दाखवायला हवा. सवलत सगळ्या तारखांना नसते, खोल्याही मोजक्या असतात. म्हणून आज मिळेल त्या दराने खोली धरून ठेवायची आणि सवलत निघाली की बुकिंग बदलून घ्यायचं. निखिलने तसंच केलं. कर साडेबारा टक्के, तो हिशेबात धरा. पण रिसॉर्ट फी नाही आणि गाडीही फुकट लावता येते.

मी सांगेन, डिस्नेचं ‘पॉप सेंच्युरी’ हॉटेल घ्या. खोली लहान आहे, पण टेबलाच्या जागी भिंतीतून एक पलंग खाली ओढता येतो. लहानसा फ्रिज असतो, मी त्यात दहीभात करून ठेवला होता. आणि मुख्य म्हणजे स्कायलायनर. हॉटेलजवळून निघणारे ते रोपवेचे पाळणे, मध्ये एकदा बदलून, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना नेतात. भावजींना बसची रांग नको, पायपीटही कमी.

आम्ही सकाळी लवकर जायचो. हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, ऊन चढायच्या आत दोन-तीन राइड होतात. बारा वाजता परत, जेवण, झोप. बाहेर पाऊस धो-धो कोसळतोय आणि हे पंख्याखाली घोरताहेत, हे ऐकत मी कितीतरी वेळ पडून राहिले होते. संध्याकाळी पुन्हा पार्कात.

एक मात्र गौरीला स्पष्ट सांग. तुमच्या एका सहलीसाठी पास घ्यायचा म्हणत असेल तर नको. चिमुकल्याला घेऊन ती वर्षात पुन्हा-पुन्हा जाणार असेल तरच तो वसूल होतो. टँपाहून गाडीने दीडेक तास, म्हणजे ती जाईलच असं मला वाटतं. पार्किंगचे पैसेही पासवाल्यांना पडत नाहीत. मात्र काही दिवशी पासवाल्यांना पार्कात आगाऊ जागा राखावी लागते, ते तिने आधी बघावं.

आपण खोपोलीला इमॅजिकात गेलो होतो तसं सकाळी जाऊन रात्री परत, हे गणित तिथे चालत नाही. चार-चार पार्क आहेत, जीव दमतो.

शनिवारी दुपारी मी नेरुळला येते. टँपाला तेव्हा पहाट असेल, म्हणून आपण संध्याकाळपर्यंत थांबू आणि गौरीला एकत्र फोन लावू. तारखा लिहून ठेव. आणि भावजींचे सँडल नवे घेतले असशील तर आत्तापासून घालायला लाव, तिथे जाऊन पहिल्यांदा घालायचे नाहीत.

तुझी,
मीना