ज्या कामाला हेड नव्हतं : आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना पत्र

आदरणीय भाऊसाहेब,

स. न. वि. वि.

तुमची बदली झाली, माझी सरपंचकीची मुदत संपली. आता आपल्या दोघांच्याही सहीने या गावात काही अडत नाही आणि काही सुटतही नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते. पदावर असताना ग्रामसेवकाचं कौतुक केलं असतं, तर लोकांनी लगेच विचारलं असतं, ‘कुठलं बिल काढायचंय, ताई?’

पत्र उघड लिहितेय त्याला कारण आहे. विहिरीजवळच्या सोलर पंपाच्या नामफलकावर माझं नाव आहे, आणखी बऱ्याच जणांची आहेत, तुमचं नाही. सत्कार झाले त्यातही शाल माझ्या खांद्यावर आणि तुम्ही मागे इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन उभे. लोकांना वाटतं, पर्यावरणाचं काम म्हणजे सरपंचाने भाषण करायचं आणि शाळेच्या पोरांनी रोप लावायचं. मधलं जे असतं, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, झालेल्या कामाच्या मोजमापाची वही म्हणजे एमबी, ते कुणाला दिसत नाही. मला दिसलं. त्याचे आभार मानायचे आहेत.

‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरणाचं अभियान राज्यात २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. सुरुवातीला ते शहरांचं आणि मोठ्या ग्रामपंचायतींचं होतं, आपल्यासारख्या लहान गावांपर्यंत यायला वेळ लागला. मासिक सभेत तुम्ही परिपत्रक वाचलंत : भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश, प्रत्येकाला गुण. एक सदस्य म्हणाले, ‘आता पंचमहाभूतांनाही ठराव लागणार का?’ सगळे हसले. मीही हसले. मग मी विचारलं, पैसे कुठून? तुम्ही म्हणालात, ‘ताई, हवामान बदलाला खर्चाचं हेड नाही. पण त्यातल्या प्रत्येक कामाला आहे. आपण कामं शोधू.’

लातूर जिल्ह्यात राहून हवामान बदल म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सोयाबीन पाण्याखाली सडलं. अडचण समजण्याची नव्हतीच. ग्रामपंचायतीने त्यावर उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, ही होती. तुम्ही सुरुवात कुठून केलीत? विजेच्या बिलापासून. मला तेव्हा ते जरा चिल्लर वाटलं होतं.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी यायचा त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, ज्यावर सगळ्या गावाचा डोळा असायचा. आणि २०२१ मध्ये पथदिव्यांची, पाणीपुरवठ्याची बिलंही याच निधीतून भरायचं ठरलं, तेव्हा सरपंच मंडळींमध्ये किती आरडाओरड झाली होती. तुम्ही आरडाओरड केली नाहीत. विहिरीवरच्या मोटरीचा हिशेब फळ्यावर मांडलात. दहा एचपीची मोटर म्हणजे साडेसात किलोवॅट. सहा तास चालली की ४५ युनिट. आपली वीज बहुतेक कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे गावाला पाणी पाजताना रोज तीसेक किलो धूर. धुराच्या आकड्याने कुणी हललं नाही, हे खरं. पण खाली तुम्ही वर्षाचं बिल लिहिलंत आणि त्याखाली, ‘एवढ्यात दरवर्षी किती नाली झाली असती.’ त्यावर मात्र सभा जागी झाली.

सोलर पंपाला निधीचे दोन वर्षांचे हप्ते जोडावे लागले. पाण्याच्या बंधित निधीत ते बसतं हे तुम्ही पंचायत समितीत जाऊन पटवलंत, आराखड्यात घेतलंत, ई-ग्राम स्वराज या सरकारी पोर्टलवर वेळेत चढवलंत. एकदा तिथे चढायचं राहिलं की वर्ष गेलं, हे मला तुमच्यामुळे कळलं. आज त्याचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला असेल, तर आपल्या पाणी सोडणाऱ्या माणसाला. विहीर शेतीच्या फीडरवर, थ्री फेजची पाळी रात्रीची आली की तो बिचारा रात्रभर विहिरीवर. आता दिवसा टाकी भरते आणि तो रात्री घरी झोपतो. वायू आणि अग्नीचे गुण कागदावर काय मिळाले ते मिळोत, त्याच्या बायकोने तुम्हाला डबा पाठवला होता तो मला आठवतो. पथदिव्यांचं एलईडीचं काम त्यामानाने सोपं होतं, त्यावर काही लिहीत बसत नाही.

पाण्याच्या ताळेबंदावर मात्र लिहायलाच हवं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपण सगळे जीप करून गेलो होतो. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं ते गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले आणि पुढे गावाने बोअरच्या पाण्यावर शेती बंद केली, ऊस बंद केला, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडायला लागले. परत येताना जीपमध्ये सगळ्यांचं एकच, ‘तिथली माणसं वेगळी.’ तुम्ही गप्प होतात. पुढच्या ग्रामसभेत तुम्ही आपला जमाखर्च मांडलात.

आकडे माझे पाठ झालेत. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. शिवार हजार हेक्टर, पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर वर्षाला ७०० कोटी लिटर पाणी आपल्या डोक्यावर पडतं. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला ४ कोटी लिटर. शंभरातला एक हिस्सासुद्धा नाही. मग उन्हाळ्यात टँकर का? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘मुरतच नाही.’ बरोबर, काळ्या खडकात दहा-बारा टक्के मुरलं तरी पुष्कळ. मग तुम्ही शेवटची ओळ लिहिलीत : पाटाने पाणी दिलेला ऊस हेक्टरी किमान २ कोटी लिटर पितो. म्हणजे पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी सारखंच.

त्या दिवशी जी शांतता झाली ती मी सरपंचकीच्या काळात दुसऱ्यांदा पाहिली नाही. ज्यांचा ऊस होता ते उठून गेले, हेही लिहिते. उसाबाबतचा ठराव शेवटपर्यंत झाला नाही. आपलं गाव हिवरे बाजार झालं नाही आणि झालं असं कुणी म्हणू नये. पण काही जणांनी ठिबक केलं, विहिरीपासून ठरावीक अंतरात नवीन बोअर नको हे गावाने तोंडी मानलं आणि तो फळा अजून दर ऑक्टोबरमध्ये नव्याने लिहिला जातो. माझ्या मते ही आपली सगळ्यात मोठी कमाई, जिला अभियानात फारसे गुण नव्हते. गुण सहज मिळत होते ते हरित शपथेला, फोटोला, भिंतीवरच्या घोषणांना. भिंत रंगवायला तुमचा विरोध नव्हता. एवढंच म्हणायचात, ‘रंग शेवटी लावू.’

झाडांचंही तेच. लावण्याचा कार्यक्रम सगळीकडे होतो. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांच्या नमुन्यांमधला अगदी शेवटचा, नमुना ३३, वृक्ष नोंदवहीचा असतो, हे मला सरपंच होईपर्यंत माहीत नव्हतं. बऱ्याच ठिकाणी तो तपासणीच्या आदल्या रात्री भरतात, असं ऐकलंय. तुम्ही कडुनिंब, करंज, चिंच एकेक मोजून लिहायला लावलंत आणि मेलेलं झाड मेलेलं म्हणूनच लिहायला लावलंत. सदस्य चिडले, आकडा कमी दिसतो म्हणून. पण त्या वहीमुळेच कळलं की ओढ्याकडेची रोपं शेळ्या खातात आणि शाळेमागची जगतात. मग रोजगार हमीतून पुढची लागवड कुंपणाच्या आत झाली. गोबरगॅसचं मात्र जमलं नाही. जनावरंच कमी झालीत गावात, तुम्ही तरी काय करणार. शोषखड्डे जमले. नांदेडकडचे गाजलेले खड्डे बघून आलेल्या पोरांनी ते मनावर घेतलं आणि आमच्या गल्लीतलं सांडपाणी रस्त्यावर यायचं थांबलं.

आणखी एक, ज्याचा झाडापाण्याशी थेट संबंध नाही, पण माझ्यासाठी आहे. महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईचा डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल कुणाच्या खिशात असतो, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात आमचे मिस्टर तो घ्यायला ऑफिसात आले, तेव्हा तुम्ही चहा पाजून म्हणालात, ‘दादा, यावर ताईंच्या सहीचे पैसे निघतात, तो त्यांनाच शिकवतो.’ आणि शिकवलंत. पासवर्ड मी आजही कुणाला सांगितलेला नाही. पाण्याच्या निधीतून सोलर घ्यायचा की कुणाच्या दारातला रस्ता करायचा, हे ठरताना तो डोंगल माझ्या पर्समध्ये होता, म्हणून सोलर झाला. रस्त्यासाठी दबाव कुठून कुठून आला, ते तुम्हाला माहीत आहे.

आता कामाचं. नवीन भाऊसाहेब चांगले आहेत, तरुण आहेत, पण सोलरच्या इन्व्हर्टरची वॉरंटीची कागदं त्यांना सापडत नाहीत. फाइल तुम्ही कपाटाच्या कुठल्या कप्प्यात ठेवली होती, तेवढं फोन करून सांगा. ताळेबंदाची ग्रामसभा ऑक्टोबरअखेर धरलीय. पर्जन्यमापकाची नोंद शाळेतल्या मुली ठेवतात, त्यामुळे यंदा फळ्यावर तालुक्याचा नाही, गावाचा पाऊस असेल. जमलं तर या. वहिनींनाही आणा, जेवायला आमच्याकडेच.

आपली,
सरपंच ताई (माजी)