फोटो रिक्षाचा, धूर कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांबाहेरच्या धुराची कालची बातमी वाचली. विषय घेतलात, आभार. पण सोबत फोटो कुणाचा, तर रिक्षांच्या रांगेचा! गरीब सापडला की झालं. नातीला आणायला मी रोज गेटवर असतो. रिक्षामामा आले की आधी इंजिन बंद करतात, मग तंबाखू मळतात. इंधनाचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात ना! शाळा सुटेपर्यंत घरघरत उभ्या असतात त्या काचा वर केलेल्या एसी गाड्या. पालकांच्याच.

परवा एक भली मोठी डिझेल गाडी गेटला खेटून चालू होती. तिच्या मागेच बालवाडीची रांग. सायलेन्सरचं तोंड पोरांच्या गुडघ्याशी, तिथून नाक हातभर. मी काच वाजवली. मोबाईलवरची नजर न काढता साहेबांनी काच चार बोटं खाली घेतली.

"गाडी बंद करा की, पोरं धूर गिळाय लागल्यात."

"बीएस सिक्स हाय काका, धूर मारत न्हाई." काच वर.

उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो. बीएस-६, म्हणजे सरकारच्या नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत धूर गाळायची सोय असते हे खरं. पण नायट्रोजनचे विषारी वायू मारणारा भाग चांगला तापल्याशिवाय धड काम करत नाही. गाडी बराच वेळ नुसती उभी चालू ठेवली की तो निवत जातो आणि ते वायू बाहेर पडतात. दिसत नाहीत, एवढंच. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय. त्यात लहान पोरांचा श्वास जलद, वजनाच्या मानाने हवाही जास्त आत जाते. दहा सेकंदांच्या वर थांबायचं तर इंजिन बंद करणं तेलालाही परवडतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ पासून कोल्हापूरचं नाव आहे, आणि ती काही गुणवत्ता यादी नव्हे, हवा बिघडलेल्या शहरांची आहे!

शाळेत विचारलं तर "गेटबाहेरचं आमच्याकडे येत नाही". चौकातले हवालदार म्हणाले, "नो पार्किंगला असेल तर पावती फाडतो, चालू आहे म्हणून काय करू?" आंदोलन करून टोल घालवलेल्या गावाला एक किल्ली फिरवणं जड जावं, कमाल आहे.

जाता जाता आणखी एक, जागा असली तर छापा. पोरं रस्त्यावर का उभी राहतात? फुटपाथ आहे, पण त्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक बांबूसकट रोवलाय. वाढदिवस होऊन महिना उलटला. खाली शुभेच्छुकांचे एवढे हसरे फोटो आहेत, त्यातल्या एकाने तरी येऊन तो उतरवावा.

आपला,
एक आजोबा, राजारामपुरी, कोल्हापूर