फ्रान्समधली जुनी शहरे: दोन तासांची धावती भेट पुरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पर्यटनावरच्या लेखांत फ्रान्स म्हटले की पॅरिसला चार दिवस मिळतात आणि लिआँ, आव्हिन्याँ, कार्कासोन यांना मिळून एक. बस अकराला येते, दोनला निघते. या शहरांवर असा अन्याय होऊ नये, म्हणून हे पत्र.

लिआँचा जुना भाग आज उभा आहे तो कायद्यामुळे. त्यातून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला होता. ४ ऑगस्ट १९६२च्या मालरो कायद्याने एकट्या वास्तूऐवजी अख्खी वस्ती जपण्याची सोय केली आणि १९६४मध्ये लिआँचा हा भाग देशातला पहिला संरक्षित विभाग ठरला. इथली खरी गंमत म्हणजे ‘त्राबूल’. घरांच्या पोटातून जाणाऱ्या या वाटा एका गल्लीतून शिरून दुसरीत बाहेर पडतात. र्‍यू सें-जाँ या रस्त्यावरचे ५४ क्रमांकाचे दार ढकला. अंधारी बोळ, मग उजेडाचा चौक, पुन्हा बोळ, असे करत अनेक इमारती ओलांडून र्‍यू द्यु बफवर २७ क्रमांकाच्या दारातून बाहेर याल. दार बंद दिसले की लोक परत फिरतात. पण अनेक दारांशेजारी बटण असते. सकाळी ते दाबले की दार उघडते, दुपारनंतर पुष्कळदा उघडत नाही. आत माणसे राहतात, तेव्हा आवाज हळू ठेवावा. घरमालकांनी वाट खुली ठेवायची आणि नगरपालिकेने देखभालीला हातभार लावायचा, असा करार आहे. आपल्या गोंगाटाने तो मोडू नये.

दक्षिणेकडे हमखास फसगत होते ती स्टेशनांवरून. आव्हिन्याँचे तेजेवे (अतिवेगवान गाड्यांचे) स्टेशन शहराबाहेर आहे. तिथून छोटी गाडी पाच-सहा मिनिटांत ‘साँत्र’ म्हणजे मध्यवर्ती स्टेशनात आणते, तटबंदीच्या वेशीसमोर. नीमलाही दोन स्टेशने आहेत आणि त्यातले नवे शहरापासून बरेच लांब. तिकीट काढताना नुसते शहराचे नाव न पाहता स्टेशनाचे पूर्ण नाव वाचावे. १३०९मध्ये पोप आव्हिन्याँला आले, त्यांचा प्रचंड वाडा पाहायला निदान दोन तास हवेत. शेजारच्या पुलाच्या २२ कमानींपैकी चारच उरल्या. बाकीच्या रोन नदीने नेल्या. जुलैत नाट्यमहोत्सव असतो. तेव्हा खोली काही महिने आधीच राखून ठेवावी, नाहीतर मुक्काम दुसऱ्या गावात करावा लागतो.

कार्कासोनच्या कोटात, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, शिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट आहे ते आतल्या किल्ल्याला आणि तटावरून फिरायला. स्टेशनापासून कोट पायी अर्ध्या तासावर, शेवटी चढ. चाकांची बॅग फरसबंदीवर खडखडते, चाके निखळतात. पाठीवरची पिशवी बरी. आतल्या तटाच्या पायथ्याशी जवळ जाऊन पाहा: लहान दगडांच्या थरांमध्ये लाल विटांच्या ओळी दिसतात. हे रोमन काळातले काम. वरची स्लेटची टोकदार छपरे मात्र एकोणिसाव्या शतकात डागडुजी करणारे वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी चढवली. दक्षिणेत अशी छपरे कुठली, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आमच्या मते तो आक्षेप रास्त आहे. पण त्यांनी हात घातला नसता तर तटही उरला नसता.

स्त्रासबूरच्या कॅथेड्रलमधल्या खगोलीय घड्याळात प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या, पुतळ्यांची मिरवणूक साडेबाराला निघते, बाराला नाही. ते घड्याळ शहराच्या जुन्या स्थानिक वेळेने चालते. बाराला येऊन, काही घडत नाही म्हणून निघून जाणारे पुष्कळ असतात.

संग्रहालये बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात. जेवण बारा ते दोनमध्ये उरकावे, नंतर स्वयंपाकघरे संध्याकाळपर्यंत थंड असतात. आणि प्रत्येक शहरात एक रात्र तरी काढावीच. सहल-बसगाड्या गेल्यावर कार्कासोनच्या जुन्या पुलावर उभे राहिले की उजळलेला सगळा कोट एका नजरेत मावतो.

– प्रवासाची आखणी करणारे काही वाचक