घारापुरीला जाऊन आलो

नेरुळ, सोमवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी रात्री फोनवर नुसतं 'छान झाली ट्रिप' म्हटलं, कारण चिकू फोन ओढत होता. आज तो झोपलाय म्हणून लिहायला बसले.

सकाळी साडेसातची हार्बर पकडून सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे. लाँचला तासभर लागतो. सीगलचा थवा पार बेटाजवळ येईपर्यंत मागे होता. लोक गाठ्या उडवतात आणि ते हवेतच झेलतात. सई खूश, चिकू मात्र प्रत्येक सीगलकडे बघून 'काऊ' म्हणत होता.

जेट्टीपासून पायऱ्यांपर्यंत टॉय ट्रेन आहे. मग साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, वर ताडपत्री. निम्म्यावर माकडाने सईच्या हातातली फ्रूटीची बाटली हिसकावली, झाकण फिरवून उघडली आणि प्यायला. (बाबा, आमच्या घरात ते झाकण मलाच उघडून द्यावं लागतं.)

तेवढ्यात चिकू माझ्या खांद्यावर झोपला. मंदार म्हणाला, आधी मी सईला घेऊन जातो, मग तू जा. मी एका दुकानाशेजारच्या कट्ट्यावर बसले. मांडीवर चिकू, पायाशी धपाट्यांची पिशवी, एका हाताने माकडांना हाकलणं चालू. आणि आई, एकदम तू दिसलीस. १९९४ साली काकांकडे आलो होतो तेव्हाची. निळी साडी, मांडीवर बंड्या, बाजूला वायरची पिशवी. मी वरून पळत पळत तुला सांगायला आले होते की आत तीन तोंडांचा देव आहे, आणि तू म्हणालीस, 'हळू, पडशील.'

अल्बममध्ये त्रिमूर्तीपुढे बाबा आणि मी उभे आहोत तो फोटो तू काढलास, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो काकांनी काढला असणार. तू वर आलीच नाहीस ना? बाबा दर पाहुण्याला घारापुरीचं वर्णन ऐकवतात, पोर्तुगीजांनी दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव ठेवलं, तो हत्ती आता राणीच्या बागेत आहे, सगळं. आणि तू आतून चहा आणताना 'हो, छान होतं' म्हणतेस. बाबा, रागावू नका, तुमच्याही ते लक्षात आलं नसेल.

अर्ध्या तासाने मंदार खाली आला, मी एकटी वर गेले. त्या मूर्तीसमोर, वीसेक फूट असेल, सगळी गर्दी मोबाइल वर करून उभी. डावीकडचा चेहरा मिशीवाला, रागीट, हातात नाग. उजवीकडचा अगदी बाईसारखा नाजूक, हातात कमळ. मधला डोळे मिटून शांत. सई म्हणे बाबाला तिथेच म्हणाली, 'हे आजोबा, ती आजी, आणि मधे कोण झोपलंय?' मला वाटलं होतं पाच मिनिटांत परतेन, पण शिवपार्वतीच्या लग्नापाशी बराच वेळ रेंगाळले. पार्वती मान खाली घालून उभी आहे. हात, पाय बरेचसे तुटलेत, पण लाजणं तसंच आहे. बाकीच्या लेण्यांत आम्ही गेलोच नाही, चिकू उठून रडायला लागला होता.

बेटावर आता वीज आहे, २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून आणली. आपण गेलो तेव्हा नव्हती, हे बाबांना सांगायचं राहिलं होतं.

तर दिवाळीनंतर या. सोमवार सोडून, सोमवारी लेणी बंद असतात. आईच्या गुडघ्यांची काळजी नको, डोलीवाले असतात, खुर्चीला बांबू बांधून चौघं उचलून नेतात. आई नको नको म्हणेल, तिचं ऐकायचं नाही. चिकूला घेऊन खाली कट्ट्यावर बाबा बसतील.

तुमची,
ताई

ता. क. अल्बममधून तो फोटो काढून मागे काय लिहिलंय ते बघा. अक्षर काकांचं असेल.