काकांची पिशवी

प्रिय मित्रा,

काकांनी मयताची दाढी करायची सोडली. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'अरेरे' म्हणाला असतास, मग न्यूयॉर्कच्या थंडीचा विषय निघाला असता आणि राहिलंच असतं. काकांच्या हाताखाली उभं राहून शिकलेला तू एकटाच, म्हणून तुलाच लिहितोय. आईची शुगर ताब्यात आहे, बाकी सगळे ठीक.

वरच्या आळीत मयत झालं. मुलगा दुबईहून यायचा होता, म्हणून शरीर रात्रभर बर्फाच्या पेटीत. काकांना सकाळी बोलावलं, म्हणजे चेहरा गार, जबडा ताठ, कातडीवर दव सुटलेलं. अशा वेळी काय करायचं ते त्यांनी सगळं केलं. दव सुती फडक्याने टिपून घेतलं, घासलं नाही. कोमट टॉवेल ठेवला, क्रीम नेहमीच्या दुप्पट लावून पाच मिनिटं मुरू दिलं. पण डोळ्यांत मोतीबिंदू, खोलीत ट्यूबलाइट एकच आणि तीही पाठीमागे. जबड्याच्या कोपऱ्यावर वस्तरा घसरला आणि नखाएवढी साल निघाली.

जिवंत माणूस असता तर तुरटी फिरवली की भागलं असतं. मयताला रक्त येत नाही, म्हणून कोणाला काही कळलं नाही. पण सोललेली जागा भरून येत नाही, नुसती वाळत जाते. काही तासांत ती पिवळट, मग तपकिरी पडते आणि चामड्यासारखी कडक होते. दुपारी चर्चमध्ये पेटी उघडी ठेवली तेव्हा डाग लांबूनही दिसत होता. घरचे म्हणाले, आजारपणातला असेल. काका एक शब्द बोलले नाहीत. दफनाहून आल्यावर हत्यारांची पिशवी सलूनमधल्या खिळ्याला लावली आणि भाच्याला म्हणाले, यापुढे मला बोलावू नका.

आता माझी काळजी ऐक. सलूनची नाही, सलून भाचा चालवील. पोराचा हात मशीनवर चांगला आहे, फेड, म्हणजे कडेने बारीक होत जाणारी कटिंग, तर स्टेशनकडच्या एसी सलूनवाल्यांपेक्षा सरस काढतो. पण पिशवीतलं काम म्हणजे सलून नाही. रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्सानंतरचा फेरा, नऊ घरांतली अंथरुणाला खिळलेली माणसं, आणि मध्येच येणारं मयत. गरजूंना मदत करणारे चर्चचे व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीवाले घरभेटीला जोडीने जातात, तसे काकाही कधी एकटे गेले नाहीत, सोसायटीतला एक जण बरोबर घ्यायचे. दाढी होईस्तोवर तो डबा, औषधं, बिलं बघायचा. कोणाच्या घरात गॅस संपलाय, कोणाची सून बोलत नाही, हे न्हाव्याच्या खुर्चीइतकं कुठे कळत नाही. काकांनी त्यातलं मदतीपुरतं सोसायटीत सांगितलं आणि बाकीचं पोटात ठेवलं. हे भाच्याला कोण शिकवणार? तो सगळं व्हॉट्सअॅपवर टाकतो.

खाटेवरच्या माणसाची दाढी त्याने एकदा माझ्यासमोर केली. माणूस आडवाच, उशी सपाट, पाणी कानात जातंय. मी थांबवलं नाही, पण नंतर सांगितलं ते तुलाही लिहितो, काही राहिलं असेल तर भर घाल. पाठीला उशा लावून अर्धं बसवायचं. कवळी असेल तर आधी तोंडात घालायला लावायची, नाहीतर गाल आत जातात आणि वस्तऱ्याला खड्डे लागतात. नाकात नळी असेल तर चिकटपट्टीला हात लावायचा नाही, पट्टीच्या कडेपर्यंतच जायचं. घरात ऑक्सिजन चालू असेल तर स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह पिशवीतून काढायचंच नाही, आणि उदबत्ती-मेणबत्ती आधी विझवायला सांगायची. लकव्याच्या माणसाची दुबळी बाजू जास्त जपून करायची, कारण तिथे कापलं तरी त्याला कळेलच असं नाही.

आणि सगळ्यात आधी विचारायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर वस्तरा नाही, ट्रिमर. यावरून तुझं-माझं किती वाजलं होतं! तुझं म्हणणं, ट्रिमरची दाढी म्हणजे दाढीच नव्हे, खुंट राहतात. राहू देत की. वॉरफरीन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या हनुवटीला चिरा पडला तर तुरटीने भागत नाही, बराच वेळ दाबून धरावं लागतं आणि घरचे घाबरतात ते वेगळंच. काकाही आता माझ्या बाजूने आहेत, तेव्हा तू हरलास.

हत्यारांचंही तसंच. भाचा अर्धी ब्लेड बदलतो, पण वस्तऱ्याची मूठ आणि कैची नुसती पुसतो. ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात दहा मिनिटं, मग साध्या पाण्यात धुऊन कोरडं करून तेलाचा थेंब. जास्त वेळ ठेवलं की पोलाद गंजतं. मशीनचं पातं पाण्यात बुडवायचं नाही, ब्रशने केस झाडायचे, स्पिरिट मारायचं, मग तेल. बी आणि सी प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि अंथरुणावरच्या माणसाला आणखी एक दुखणं आपण का द्यायचं?

मयताचं तर त्याला काहीच ठाऊक नाही. त्याला वाटतं मेल्यावर दाढी वाढते. मी समजावलं की दाढी वाढत नाही, कातडी सुकून मागे सरते आणि खुंट वर दिसतात. म्हणून संध्याकाळी कोणी 'पुन्हा वाढली बघा' म्हणालं तरी दुसऱ्यांदा वस्तरा लावायचा नाही. निरोप आल्या आल्या निघायचं, कारण जबडा दोन-चार तासांत धरतो, आपल्या उकाड्यात त्याआधीच. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. ब्लेड कोरी, हात फक्त सुलटा, आखूड आखूड. उलटा हात कधीच नाही. आणि मिशीला हात लावण्याआधी घरच्यांकडून फोटो मागायचा. चाळीस वर्षं मिशी ठेवलेल्या माणसाला गुळगुळीत करून पेटीत ठेवलं तर बायको ओळखणार नाही.

त्या बाजारातल्या म्हाताऱ्याची आठवण झाली. सगळ्या वसईला शिव्या घालायचा, पण काकांच्या वस्तऱ्याखाली चिडीचूप. म्हणायचा, ह्या एका माणसाला शिवी देता येत नाही, गळा त्याच्या हातात आहे. शेवटची दाढीही काकांनीच केली आणि नेहमीसारखे पैसे घेतले नाहीत.

पैशाचंच मला खरं बोलायचंय. काकांनी सलूनचे दर कधी वेळेवर वाढवले नाहीत, वर फेरा फुकट. भाच्याला लग्न करायचंय, तो असं किती दिवस करील? भिंतीवरचा संत मार्टिन डी पोरेस, आपला पेरू देशातल्या लिमाचा न्हावी, त्याचं उदाहरण इथे चालत नाही. तो मठात राहायचा, त्याला घरभाडं नव्हतं. मला तुझा तो प्येर तूसां जवळचा वाटतो. 1787 मध्ये गुलाम म्हणून न्यूयॉर्कला आलेला, श्रीमंत बायकांच्या घरी जाऊन केशरचना करायचा आणि मोबदला चांगला घ्यायचा. त्याच कमाईवर त्याने मालकिणीचं घर चालवलं, 1807 मध्ये स्वतः सुटल्यावर 1811 मध्ये ज्युलिएट या गुलाम मुलीला पैसे भरून सोडवून तिच्याशी लग्न केलं, अनाथ मुलं घरात सांभाळली, साथीत आजाऱ्यांची सेवा केली. वर्षानुवर्षं रोज मिस्साला गेला. खुर्चीत चोख घेतलं, म्हणून खाटेपाशी देता आलं. भाच्याला मी हेच सांगतोय, फेडचे पैसे वाढव, लाजू नकोस, फेरा मात्र फुकटच ठेव. काका ऐकून रागावले. तुझं ते ऐकतील.

तुझी कामाची ती नवी पाळी कशी आहे? वहिनींच्या परीक्षेचं काय झालं? बार्कले स्ट्रीटच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये जातोस ना, तूसां तिथलाच, तेव्हा आमच्यासाठीही एक प्रार्थना कर.

नाताळात येणार असशील तर तिकीट आठ दिवस आधीचं काढ. 24 तारखेला सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे शिकवणं त्याआधीच. भाच्याला घेऊन तू नऊही घरं फीर, मी बरोबर येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काका 'पुढच्या वर्षी' म्हणतात, तेही तूच लावून धर. डोळे सुधारले तरी मयताला ते हात लावणार नाहीत असं मला वाटतं, पण भाच्याशेजारी उभे राहून 'हात हलका ठेव' एवढं म्हणाले तरी पुष्कळ. येताना ब्लेड आणू नकोस, इथे मिळतात. डोक्याला बांधायचा बॅटरीचा चांगला दिवा मिळाला तर तो आण, दोन आण.

तुझाच