निकाली निघालेले अर्ज आणि तिष्ठत राहिलेला अर्जदार

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याने 'सकाल'च्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी कामे करून देण्याच्या कर्नाटक सरकारच्या योजनेच्या, मासिक क्रमवारीत वरचे स्थान पटकावल्याचे वृत्त आणि पुष्पगुच्छ स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांचे छायाचित्र कालच्या अंकात पाहिले. अभिनंदनाला माझी हरकत नाही, कारण त्या यशात माझाही खारीचा वाटा आहे. यंदा मुदतीत निकाली निघालेल्या अर्जांपैकी तीन एकट्या माझे आहेत. माझे काम मात्र अजून झालेले नाही.

वडिलांच्या निधनानंतर दीड एकर शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे लागावीत, एवढेच माझे मागणे आहे. पहिला अर्ज दिला तेव्हा १५ आकडी क्रमांकाची पावती मिळाली आणि बरे वाटले. मुदत संपायला एक दिवस उरला असताना मोबाईलवर संदेश आला की, वंशावळीतील आईचे नाव आधार कार्डाशी जुळत नसल्याने अर्ज नाकारण्यात आला आहे. ही एका अक्षराची तफावत पहिल्याच दिवशी खिडकीवर कोणाच्याही नजरेस पडली असती. ती दुरुस्त करून दुसरा अर्ज दिला, तर वंशावळीची प्रत जुनी झाली म्हणून तो परतला, आणि तोही नेमका मुदतीच्या आदल्या दिवशीच. तिसऱ्या खेपेस 'कागदपत्रे अपूर्ण' एवढे दोनच शब्द आले. कोणती, हे विचारायला गेलो असता तेथील कारकुनाने, जो स्वभावाने भला आहे, हळू आवाजात सांगितले, "सर, मुदतीत निकाली नाही काढलं तर आमच्या नावावर लाल पडतंय बघा. तुम्ही उद्या परत द्या, नवीन नंबर मिळतोय."

म्हणजे नाकारलेला अर्जही 'निकाली'च, आणि माझी प्रतीक्षा दर वेळी शून्यापासून नव्याने मोजली जाणार! 'सकाल'चा २०११ चा कायदा झाला आणि २०१२ च्या एप्रिलपासून तो राज्यभर लागू झाला, तेव्हा विलंबासाठी दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये, आणि तेही संबंधित अधिकाऱ्याच्या वेतनातून, ही तरतूद वाचून आम्ही निवृत्त मंडळी कट्ट्यावर हरखून गेलो होतो. आज हिशेब केला तर मला त्यातील एक रुपयाही मिळणार नाही, कारण कागदोपत्री माझ्या कामाला एका दिवसाचाही विलंब झालेला नाही. अपिलाची सोय आहे, हे मी जाणतो; पण कागदपत्र कोणते अपूर्ण, हेच कळले नसेल तर अपिलात लिहायचे काय?

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये रुग्णाला ४८ तासांत डॉक्टरांच्या भेटीची वेळ मिळावी असे लक्ष्य सरकारने ठरवले, तेव्हा काही दवाखान्यांनी त्यापुढच्या दिवसाची वेळ आगाऊ देणेच थांबवले. पुढच्या आठवड्यातली वेळ हवी असलेल्या रुग्णाने त्या वेळी पुन्हा फोन करावा, म्हणजे लक्ष्य बिनचूक गाठले जाते. २००५ साली दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात एका महिलेने हे टोनी ब्लेअर यांना तोंडावर सांगितले, तेव्हा पंतप्रधानांना त्याचा पत्ताच नव्हता. आमच्या अधिकाऱ्यांना तरी तेवढा अजाणतेपणाचा फायदा देता येणार नाही, कारण मी त्यांना दोनदा लेखी कळवले आहे.

जाता जाता आणखी एक. नकाराचे तिन्ही संदेश केवळ कन्नडमध्ये आले. कन्नडविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही. परंतु मला ती बोलता येते, सफाईने वाचता येत नाही, त्यामुळे पहिला संदेश शेजारच्या मुलाने वाचून दाखवीपर्यंत दोन दिवस तसाच पडून होता. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. उत्तर कोणत्या भाषेत यावे, हे त्या कलमात नाही, आणि आमच्या कचेरीने नेमकी तीच जागा हेरलेली दिसते.

आपणास एक विनंती आहे. पुढील महिन्यात ही क्रमवारी छापाल तेव्हा निकाली अर्जांच्या आकड्याशेजारी आणखी दोन रकाने मागून घ्यावेत: त्यांपैकी किती अर्ज नाकारले, आणि नाकारलेल्यांपैकी किती जणांनी त्याच कामासाठी पुन्हा अर्ज केला. माझा चौथा अर्ज सोमवारी जाणार आहे, तो त्या दुसऱ्या रकान्यात धरावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव जिल्हा