नांगर वाळूत पडावा, प्रवाळावर नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिडाच्या नौकेवर संसार थाटून उष्ण कटिबंधातील बेटांमधून फिरणाऱ्या कुटुंबांविषयीचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. गोड्या पाण्याची काटकसर, सौर पॅनेलवर भागवली जाणारी विजेची गरज, मुलांचे नौकेवरचे शिक्षण हे सारे त्यात नेमकेपणाने आले आहे. मी पत्नीसह सहा वर्षे याच प्रकारे राहिलो असल्याने ते मला ओळखीचे वाटले. मात्र या जगण्यात रात्रीची झोप ज्या एका वस्तूवर अवलंबून असते त्या नांगराविषयी लेखात एक ओळही नाही, आणि सोबतच्या छायाचित्रात नौकेची साखळी ज्या तपकिरी पट्ट्यात उतरलेली दिसते तो पट्टा बहुधा जिवंत प्रवाळाचा आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण तेच.

नौकेवर राहणारी माणसे सतत शिडे उभारून चाललेली असतात असा समज आहे, पण त्यांचे बहुतेक दिवस आणि रात्री नांगरावरच जातात. नांगर नौकेला धरून ठेवतो तो केवळ वजनाने नव्हे; तळाशी आडवी पडलेली साखळी त्याला जमिनीलगत ओढते आणि त्या ओढीने त्याचा फाळ वाळूत रुतत जातो. त्यासाठी पाण्याच्या खोलीच्या साधारण पाचपट साखळी सोडावी लागते. दहा मीटर पाण्यात, नाळेची म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची पाण्यावरची उंची धरून, हा हिशेब ५५ ते ६० मीटरवर जातो. वारा फिरला की नौका फिरते आणि तिच्यामागे साखळी तळ झाडत जाते. या साखळीचा ४० मीटरचा भाग जरी तळावरून पूर्ण फिरला, तरी त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस मीटर भरते. तळ वाळूचा असेल तर त्याचे काही बिघडत नाही. तिथे प्रवाळ असेल तर फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ काडीसारखे मोडतात, आणि घुमटासारखे वाढणारे, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर उंच होणारे प्रवाळ खरवडले जातात. असा दोन मीटर उंचीचा घुमट उभा राहायला सुमारे दोनशे वर्षे लागलेली असतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील तुआमोतू द्वीपसमूहात एका कंकणाकृती प्रवाळबेटाच्या आतल्या सरोवरात आम्ही शिरत होतो. अशा सरोवरात शिरायच्या अरुंद वाटेत ओहोटीचा प्रवाह नदीसारखा धावतो, आणि वाऱ्याच्या बाजूने लाटांचे पाणी प्रवाळाच्या कड्यावरून आत येत राहिले तर तो वेळापत्रकातील वेळेनंतरही बाहेर वाहतच राहतो. पाणी स्थिर होण्याची वाट पाहण्यात आमची दुपार गेली. आत पोहोचलो तेव्हा सूर्य समोर आणि खाली होता, पाण्यावर नुसती चांदीसारखी चमक होती, तळ दिसत नव्हता. अशा वेळी नांगर टाकू नये हे मला ठाऊक होते; तरी थकव्यापुढे हार मानून मी तो टाकला. रात्री वारा बदलला आणि साखळी घासल्याचा आवाज नौकेच्या बुडातून पहाटेपर्यंत घुमत राहिला. सकाळी पाण्यात उतरून पाहिले तर साखळीने दोन प्रवाळखडकांना वेढे घातले होते आणि भोवती मोडलेल्या फांद्यांचे ताजे, पांढरे तुकडे पडले होते. साखळी सोडवताना आणखी तुकडे पडले. त्या सकाळची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी कधी मोडल्या नाहीत. मुक्कामाच्या जागी सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच पोहोचायचे, म्हणजे पाण्याचे रंग वाचता येतात : गडद निळे ते खोल, फिकट हिरवट-निळे ते वाळूवरचे, तपकिरी ते प्रवाळाचे. आणि वाळूचा मोकळा तुकडा साखळीला पुरेल एवढा मोठा नसेल तर साखळी तरंगती ठेवायची. ही युक्ती तुआमोतूत फिरणाऱ्या नौकांवर सर्रास दिसते. मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेले प्लॅस्टिकचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ गोळे, तिथे भरपूर सापडतात. नांगर वाळूत पडला आणि साखळीचा पहिला भाग तळावर टेकला, की पुढच्या साखळीला ठराविक अंतराने एकेक बोया बांधत जायचे. मग उरलेली साखळी प्रवाळखडकांच्या वरून, पाण्यातच लोंबकळत राहते. वारा वाढला की ती ताणली जाते, बोये पाण्याखाली खेचले जातात आणि नौकेला बसणारे हिसकेही सौम्य होतात. या कामाला अर्धा तास जास्त लागतो, एवढेच.

समुद्र तापल्याने प्रवाळ मरतच आहेत, तेव्हा एका साखळीने असे काय होणार, असे नौकेवरचेच काही मित्र म्हणतात. प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले, हे खरे आहे. पण तापलेल्या पाण्यातून जे प्रवाळ वाचले त्यांच्यावरच पुढची वाढ अवलंबून आहे, म्हणून तर ते मोडणे अधिक गंभीर आहे. शिवाय आपण ज्या शांत पाण्यात निर्धास्त झोपतो ते शांत असते, कारण महासागराची लाट बाहेरच्या प्रवाळभिंतीवर फुटलेली असते. त्या आसऱ्याला येऊन त्याचीच मोडतोड करणे मला मान्य होत नाही.

हा भार सगळीकडे सारखा पडत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, दक्षिण प्रशांत महासागरात तो नोव्हेंबर ते एप्रिल. त्यामुळे उरलेल्या महिन्यांत शेकडो नौका एकाच वाटेने, त्याच त्या खाड्यांमध्ये येतात. तिथे एकेकट्याचा विवेक पुरत नाही. कॅरिबियनमधील बोनेर बेटाने १९७९ मध्ये भोवतालचा समुद्र संरक्षित केला. आज तिथे येणाऱ्या नौकांना नांगर टाकता येत नाही, तळाशी पक्के बसवलेले बोये शुल्क भरून वापरावे लागतात. या शुल्काविषयी कुरकूर ऐकू येते. बोयाचा दोर कुजलेला असेल तर नौका खडकावर जाईल ही भीती मात्र रास्त आहे, आणि म्हणून शुल्क घेणाऱ्याने दोर व साखळ्या नियमितपणे तपासल्याच पाहिजेत. आम्हीही बोयाला बांधल्यावर दर वेळी खाली जाऊन पाहत असू. तरीही भाड्याच्या घराला जे देणे आहे तेच पाण्यावरच्या मुक्कामाला असावे, यात मला गैर काही दिसत नाही.

आपल्या पुरवणीतील लेख वाचून काही तरुण वाचक हे जगणे निवडतील, आणि त्यांनी ते जरूर निवडावे. या विषयावर आपण पुन्हा लिहाल तेव्हा नांगर कुठे व कसा टाकावा याला चार ओळी द्याव्यात आणि छायाचित्र निवडताना साखळी कशावर उतरली आहे तेही पाहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक